हार्ड डिस्क अर्धी रिकामी ठेवली तर जास्त टिकते का?

चोपड्याच्या भाऊंचा प्रश्न असा आहे: दोन टीबीची हार्ड डिस्क घेऊन एक टीबीचंच पार्टिशन (वापरायचा वेगळा भाग) केलं, बाकी जागा मोकळी सोडली, तर लग्नांचे फोटो जास्त सुरक्षित राहतील का?

नाही भाऊ. मी जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. डिस्क चालू झाली की आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांनी फिरतेच, भरलेली असो की रिकामी. मोटर आणि बेअरिंगला तुमचं पार्टिशन कळत नाही. डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीच्या वर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडलं की अर्ध्या भागातला डेटाही जातो आणि पूर्ण भागातलाही.

वेगात मात्र फरक पडतो. पहिलं पार्टिशन साधारणपणे तबकडीच्या बाहेरच्या कडेला असतं. तिथे वाचन जलद होतं, हेडची धावाधावही कमी होते. पण त्याला आयुष्य वाढणं म्हणू नका. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. जास्त वापर आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट निघाला नाही. उलट तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त निघाली. (एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. तिथे मोकळी जागा खरंच कामाला येते, कारण चिपवर लिहिण्याची झीज कमी होते.)

आपल्याकडे खरी काळजी घ्यायची ती लाईटची आणि उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात पत्र्याचं दुकान आणि बंद कॅबिनेट. पंखा साफ ठेवा, यूपीएस लावा. फोटो कॉपी होत असताना लाईट गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी फोल्डरच उघडत नाही.

आणि त्याच पैशात एक टीबीच्या दोन डिस्क बसत असतील तर त्याच घ्या. दोन्हीवर तेच फोटो ठेवा, एक स्टुडिओत, एक घरी. थोडे जास्त पैसे लागले तरी लावा, कुणाच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला, किंवा रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांचा) आकडा शून्यावरून हलला, तर फॉरमॅट मारून तीच डिस्क पुन्हा वापरात घेऊ नका. त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवा आणि वॉरंटी शिल्लक असेल तर डिस्क बदलून घ्या.