दुसऱ्याच्या रायफलमधून उडवलेल्या .३०८ च्या पुंगळ्या माझ्या चेंबरला कशा बसवायच्या?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली आहे. मित्राकडून आणलेल्या .३०८ विंचेस्टरच्या पुंगळ्यांवर (उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांवर) तुमचा बोल्ट, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरचं मागचं तोंड बंद करणारा भाग, आधी जरा जड लागत होता आणि फुल-लेंग्थ डायमधून, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या पोलादी साच्यातून, काढल्यावर आणखीच जड लागायला लागला. बहुतेक डाय खराब नाही, ती पुरेशी खाली आलेली नाही. पण म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका.

गोळी झाडली की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं आणि दाब उतरला की किंचित आत येतं. मित्राच्या रायफलचं चेंबर तुमच्यापेक्षा ऐसपैस असेल, तर पुंगळी त्या मापाची झालेली असते. डाय आधी तिचं अंग आवळते. आवळलेलं पितळ कुठेतरी जाणारच. मुठीत दाबलेली कणीक जशी वर सरकते, तसा खांदा, म्हणजे पुंगळीच्या गळ्याखालचा उतार, पुढे सरकतो. पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या प्रेसच्या दांड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडतो आणि त्याला मागे ढकलतो. तो टप्पा गाठलाच नाही, तर पुंगळी अंगाने बारीक पण बुडापासून खांद्यापर्यंत लांब होऊन बाहेर येते. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय.

तरी अंदाजावर जाऊ नका, अडतंय कुठे ते बघा. प्रायमर (पेटवणारी टोपी), बंदुकीची दारू, गोळी काहीही नसलेली एक पुंगळी घ्या आणि काळ्या मार्करने गळ्यापासून बुडापर्यंत रंगवा. बोल्टमधून फायरिंग पिन (प्रायमरवर ठोका मारणारी) आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा) काढून ठेवा, नाहीतर स्प्रिंगचा जोर हाताला फसवतो. पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट हलक्या हाताने बंद करा, उघडा आणि उजेडात फिरवून बघा. खांद्यावर गोल चकचकीत पट्टा उमटला, तर खांदाच अडतोय. बुडाच्या जरा वर रंग घासला गेला, तर अंग जाड आहे आणि तुमची डाय तिथपर्यंत पोचत नाही. अशा वेळी डाय कितीही खाली घेतलीत तरी उपयोग नाही; बुडाजवळ जास्त आवळणारी स्मॉल-बेस डाय घ्यावी लागेल. गळ्याच्या तोंडाशी खूण असेल, तर पुंगळीची एकूण लांबी मोजा. .३०८ ला कमाल २.०१५ इंच चालते, कापायची २.००५ वर. लांब गळा चेंबरच्या टोकाला अडकून गोळीला आवळून धरतो आणि दाब भलताच चढतो. हे दुखणं दिसायला साधं, पण तिन्हींत वाईट.

खांदाच असेल, तर डाय खाली घ्या, पण मापून. अशा डायचे आटे इंचाला १४ असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा सुमारे ०.०७१ इंच. तुम्हाला खांदा मागे न्यायचाय तो बोल्ट-ॲक्शनसाठी जेमतेम ०.००२ इंच, म्हणजे फेऱ्याचे फक्त दहाएक अंश. ‘पाव फेरा देऊन बघ’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, त्यात ०.०१८ इंच जातात. कॅलिपरला लावायचा कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंत मोजायचा जोड) घ्या, तुमच्याच रायफलमधून उडालेल्या पुंगळीचं खांद्यापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून ०.००२ वजा करा. डाय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकूनही खांदा हलत नसेल, तर दांडा पूर्ण दाबलेला असताना दोघांमधून उजेड दिसतो का बघा. जोर आला की प्रेस किंचित ताणली जाते आणि फट राहते. वंगण नीट लावलंत तर बरेचदा तेवढ्यानेच भागतं. खांद्यावर मात्र वंगण साचू देऊ नका, खळगे पडतात.

बोल्ट सहज बंद झाला म्हणजे काम फत्ते असं समजू नका, मला जास्त भीती त्याचीच वाटते. खांदा फार मागे गेला की पुंगळी चेंबरमध्ये सैल राहते. पिनच्या ठोक्याने ती पुढे जाते, पुढच्या पातळ भिंती चेंबरला चिकटतात आणि बूड मागे ताणलं जातं. दर वेळी बुडाच्या वर आतून एक कडं पातळ होत जातं आणि एके दिवशी बूडच तुटून वेगळं होतं. .३०८ चा कमाल दाब ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), आणि तो वायू तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने निसटू शकतो. मित्राने या पुंगळ्या किती वेळा भरल्या हे तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे डायमधून काढायच्या आधी पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून भिंतीवरून फिरवा. बुडाजवळ टोक खाचेत अडकलं तर ती पुंगळी चिमट्याने चेपून भंगारात टाका. शंका असेल तर एक उभी कापून बघा. कडं पातळ झालं असेल तर डोळ्यांनी दिसतं.

पुंगळी वारंवार आवळून पितळ कडक झालं असेल, तर ते परत उसळतं आणि मापं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर उपाय ॲनीलिंगचा, म्हणजे पितळ तापवून मऊ करण्याचा, पण फक्त गळा आणि खांदा. बुडाला आच लागली तर ती पुंगळी कायमची बाद.

बुडावर वर्तुळातल्या अधिक चिन्हाचा नाटो शिक्का असेल, तर ते ७.६२ मिमी नाटो काडतुसाचं लष्करी पितळ. ते बहुधा जाड असतं, आतली जागा कमी, म्हणून साध्या .३०८ पुंगळीतलं दारूचं माप त्यात तसंच घालू नका. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा वर या. मशीनगनमधून उडालेलं असेल तर स्मॉल-बेस डाय जवळजवळ लागणारच.

तुम्ही टेक्सासमध्ये आहात म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. आणि हो, गावी जाताना भाच्याला दाखवायला म्हणून एखादी पुंगळी बॅगेत टाकू नका, विमानतळावर उत्तरं देता देता विमान चुकेल.

मार्कर लावून खूण कुठे पडते ते खाली लिहा, मग डायचं पुढचं बघू.