फ्रीज न्यायचा की सोडायचा? परदेशी निघालेल्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बिऱ्हाड उचलून दुसऱ्या देशात निघालेल्यांचीच गर्दी आहे आणि बहुतेकांचा जीव घरातल्या मशिन्समध्ये अडकलाय, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न : आम्ही दोघं कॅनडाला कायमचे निघालोय. फ्रीज, वॉशिंग मशिन, मायक्रोवेव्ह, मिक्सर, इस्त्री सगळं चांगल्या स्थितीत आहे आणि सगळं २३० व्होल्टचं आहे. दीर म्हणतात तिकडे एक मोठा ट्रान्सफॉर्मर घ्या, सगळं चालतं. खरंच चालतं का? आणि लग्नाला चारच महिने झालेत, आहेराच्या काही वस्तूंची खोकीसुद्धा उघडली नाहीयेत, त्यांचं काय?

उत्तर : ताई, दीर अर्धं बरोबर सांगतायत आणि उरलेल्या अर्ध्यातच पैसे बुडतात. आधी एक काम करा, प्रत्येक मशिनच्या पाठीवर किंवा पोटाखाली जो छोटा चंदेरी स्टिकर असतो तो वाचा. त्यावर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं करते तो आकडा) असं लिहिलं असेल तर काही विचार करू नका, फक्त पिन बदलायची, लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर बहुतेक असेच असतात. पण नुसतं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल तर कॅनडाचं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ त्याला चालणार नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

आता एकेक घेऊ. इस्त्री, हीटर, किटली ही नुसती तापणारी वस्तू, तिला हर्ट्झशी देणंघेणं नाही पण व्होल्टशी भलतंच आहे. व्होल्ट निम्मे झाले की पॉवर निम्मी नाही, जवळपास पाव होते, म्हणजे १००० वॅटची इस्त्री तिकडे सरळ लावली तर कशीबशी २७० वॅटची होईल, कपडे गरम होतील, सुरकुत्या जाणार नाहीत. उलट दिशेने, १२० व्होल्टची वस्तू २३० वर लावली तर साडेतीन पटीहून जास्त पॉवर खेचते आणि मग वास येतो, धूर येतो, पुढचं सांगायला नको. ट्रान्सफॉर्मरवर इस्त्री चालेल हो, पण इस्त्रीपेक्षा ट्रान्सफॉर्मर महाग आणि जड, कशाला?

मिक्सरची गोष्ट वेगळी. त्यातल्या कार्बन ब्रशवाल्या मोटरला ५० काय आणि ६० काय, सारखंच, तिला फक्त व्होल्ट नीट मिळाले पाहिजेत. म्हणून मिक्सर तेवढा न्या, ज्याच्या हाताला सवय झालीये त्याला दुसरा आवडत नाही हे मी समजू शकतो. पण ७५० वॅटच्या मिक्सरला ७५० चा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, मोटर सुरू होताना दुपटीहून जास्त करंट ओढते, १५०० च्या पुढचा घ्या, आणि काम झालं की ट्रान्सफॉर्मरचंही बटण बंद करा कारण तो रिकामा बसूनही थोडी वीज खातो आणि तापतो. अजून एक, तिकडच्या साध्या सॉकेटमागे १५ अँपिअरची लाइन असते म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट, त्यामुळे पाच हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर आणला म्हणून भिंतीतून पाच हजार वॅट येणार नाहीत.

फ्रीज, वॉशिंग मशिन आणि मायक्रोवेव्ह मात्र सोडा. साध्या फ्रीजचा कॉम्प्रेसर ५० ऐवजी ६० हर्ट्झवर जवळपास २० टक्के जास्त वेगाने फिरायला बघतो, महिनाभर छान चालेल आणि मग एक दिवस बसेल. जड ट्रान्सफॉर्मरवाला जुन्या पद्धतीचा मायक्रोवेव्हही हर्ट्झला बांधलेला असतो. इन्व्हर्टरवाली मशिन्स आतमध्ये वीज स्वतःच बदलून घेतात त्यामुळे त्यांना हर्ट्झचा त्रास कमी, पण स्टिकरवर ६० लिहिलेलं नसेल तर मी माझा फ्रीज असता तरी नेला नसता. कोणी म्हणेल तिकडे ड्रायर आणि चुलीसाठी २४० व्होल्टची लाइन असते की, असते, पण तीही ६० हर्ट्झचीच. जाता जाता एक गंमत, जपानमध्ये व्होल्ट सगळीकडे १०० आणि हर्ट्झ मात्र पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन. तिथे एकाच देशात घर बदलतानासुद्धा जुन्या लोकांना स्टिकर बघावा लागायचा.

आहेराचं. कॅनडात स्थायिक होणाऱ्याचं सामान कर न भरता सोडवायचं तर ते तो तिथे पोचण्याआधी स्वतःच्या मालकीचं, ताब्यात असलेलं आणि वापरलेलं असावं अशी अट आहे. लग्नाच्या भेटींना वापरलेल्याची अट माफ होते पण लग्न तिथे पोचण्याच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांच्या आत असेल तर. तुमचे चार महिने झालेत, म्हणजे ती सवलत गेली. खोकी उघडा आणि वस्तू वापरायला लागा, आजपासून. आणि पहिल्यांदा विमानतळावर उतराल तेव्हा दोन याद्या हातात ठेवा, एक सोबत आणलेल्या सामानाची आणि दुसरी मागाहून येणाऱ्या सामानाची. ही दुसरी यादी त्याच दिवशी अधिकाऱ्याला दाखवून बीएसएफ १८६ नावाच्या फॉर्मवर नोंदवून घ्यायची आणि शिक्का मारलेली कॉपी जपून ठेवायची, बोट दोन महिन्यांनी येईल तेव्हा हीच कॉपी मागतात. त्या दिवशी यादीत नसलेली वस्तू नंतर "अहो ती आमचीच आहे" म्हणून फुकट सोडवणं कठीण जातं.

प्रश्न : मी निवृत्त आहे, लंडनला मुलाकडे कायमचा राहायला जातोय. मागच्या महिन्यात मोठा टीव्ही घेतला. ओळखीचे एकजण म्हणाले जुनं बिल करून घ्या, कस्टमवाले विचारत नाहीत. करू का?

उत्तर : काका, नका करू. पकडले जाल म्हणून तर नकाच, पण या वयात दुसऱ्या देशात पाऊल ठेवताना पहिलाच कागद खोटा कशाला. ब्रिटनमध्ये राहायला येणाऱ्यांना सामानावरची ड्युटी आणि व्हॅट माफ होतो, पण अटी साफ आहेत. तुम्ही सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले हवेत, वस्तू किमान ६ महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात हवी, सामान साधारणपणे तुम्ही पोचल्यापासून १२ महिन्यांत यायला हवं, आणि आल्यावर १२ महिने ते विकायचं, भाड्याने किंवा उसनं द्यायचं नाही. युरोपियन युनियनचा नियमही जवळपास असाच आहे. ऑस्ट्रेलियात ६ च्या जागी १२ महिने वापर लागतो, अमेरिकेत घरसामानासाठी एक वर्ष.

टीव्हीवर सिरियल नंबर असतो, मॉडेल कधी बाजारात आलं हे कोणालाही मिनिटभरात कळतं, आणि तीन वर्षांपूर्वीच्या बिलावर सहा महिन्यांपूर्वी निघालेलं मॉडेल दिसलं की मग नुसता टीव्ही अडकत नाही, अख्ख्या सामानावरचा विश्वास जातो. वर सांगितलेल्या नियमातच मार्ग आहे. टीव्ही आत्ता वापरा, जमलं तर त्याचे सहा महिने पूर्ण होईपर्यंत निघणं लांबवा आणि मगच तो पाठवा, मात्र तो वापर तुमचाच हवा हे लक्षात ठेवा, शेजाऱ्याकडे पडून राहिलेला टीव्ही तुमच्या वापरातला होत नाही. ते जमत नसेल तर सरळ नवीन म्हणून लिहा आणि कर भरा, किंवा इथेच कोणाला तरी देऊन टाका. टीव्ही ही नेण्यासारखी वस्तू तशीही नाही, पॅनल फुटतं. आणि सवलतीचा अर्ज सामान पोचायच्या आधी ऑनलाइन करायचा असतो, त्याचा नंबर आला की तो शिपिंगवाल्याला द्यायचा. सामान बंदरात आल्यावर अर्ज करणारे लोक बंदराचं भाडं भरत बसतात.

प्रश्न : पॅकर्सनी यादी करायला सांगितलीये. किती बारीक लिहायचं? "किचन सामान" चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि हे मी स्वतः भोगून सांगतोय. आमच्या पहिल्या शिफ्टिंगला मी चार खोक्यांवर "इलेक्ट्रिक वस्तू, इतर" असं ठोकून दिलं होतं, कंटाळा, दुसरं काही नाही. कंटेनर तपासणीला काढला, सगळं उघडलं, आणि तपासणीचा खर्च, हमाली आणि जास्तीच्या दिवसांचं भाडं हे सगळं माझ्या खिशातून गेलं. तपासणी सरकारची आणि बिल आपलं, बहुतेक देशांत असंच असतं.

प्रत्येक खोक्याला नंबर. नंबरापुढे आत काय, किती नग, वापरलेलं आहे असं स्पष्ट, साधारण कधी घेतलं, आज विकलं तर किती येईल ती किंमत, आणि मशिन असेल तर ब्रँड, मॉडेल, सिरियल नंबर. किंमत नवीन असतानाची लिहू नका आणि एक रुपयासुद्धा लिहू नका, दोन्हीने शंका येते. मुख्य म्हणजे इन्शुरन्सच्या यादीत दोन लाख आणि कस्टम्सच्या यादीत वीस हजार असा प्रकार तर अजिबात नको, दोन्ही कागद एकाच फायलीत फिरतात. पासपोर्टवर जे नाव, तेच बिल ऑफ लेडिंगवर (बोट कंपनी सामानाची पावती म्हणून देते तो कागद), स्पेलिंगसकट. अमेरिकेला जात असाल तर ३२९९ नंबरचा फॉर्म लागतो, आणि बोटीने जाणाऱ्या सामानाची आगाऊ माहिती कंटेनर बोटीवर चढायच्या २४ तास आधी द्यावी लागते, ते एजंट करतो पण त्याला यादी वेळेत मिळाली तर ना.

प्रश्न : तीन कंपन्यांचे तीन कोटेशन आलेत, एकाने किलोवर दिलंय, एकाने क्युबिक मीटरवर, तिसरा खूपच स्वस्त आहे. कुठला घ्यावा?

उत्तर : तिसऱ्याला आधी विचारा, सामान कुठपर्यंत पोचवणार? दारापासून बंदरापर्यंत की दारापासून दारापर्यंत? स्वस्त कोटेशन बरेचदा बंदरातच संपतं आणि तिकडचा टर्मिनल चार्ज (बंदरात सामान उतरवण्या-हाताळण्याचे पैसे), कस्टम क्लिअरन्स, ट्रक, जिने चढवण्याचे पैसे हे सगळं पोचल्यावर कळतं, तेव्हा सामान त्यांच्या ताब्यात असतं आणि घासाघीस करायला आपल्या हातात काही उरत नाही.

किलो आणि क्युबिक मीटरचं असं की बोट जागा मोजते आणि विमान वजन व जागा दोन्ही मोजून जे जास्त त्याचे पैसे घेतं. पॅक केलेला फ्रीज समजा ७५ बाय ८० बाय १८० सेंटिमीटर, म्हणजे एक क्युबिक मीटरहून थोडा जास्त. विमानात तिन्ही मापांचा गुणाकार करून साधारण ६००० ने भागतात, म्हणजे हिशोबात तो १८० किलोचा झाला, खरं वजन साठच का असेना. म्हणून विमानाने फ्रीज कोणी नेत नाही. २० फुटी कंटेनरमध्ये कागदावर ३३ क्युबिक मीटर जागा असते, खरी भरता येते २५ ते २८, तेवढं सामान नसेल तर दुसऱ्यांच्या सामानासोबत वाटून कंटेनर घ्यायचा, फक्त मग शेजाऱ्याच्या खोक्यात काही निघालं तर तुमचंही सामान थांबतं.

इन्शुरन्स घ्याच, आणि त्यातलं एक कलम वाचा, बाहेरून काही इजा नसताना मशिन आतून बंद पडलं तर बरेचदा भरपाई नसते. स्वतः पॅक केलेल्या खोक्यातल्या फुटीचंही तसंच. आणि जनरल ॲव्हरेज हा शब्द माहीत असू द्या, बोट वाचवायला जो खर्च होतो तो सगळ्या मालवाल्यांमध्ये वाटला जातो. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन नावाची मोठी मालवाहू बोट सहा दिवस अडकली तेव्हा हेच जाहीर झालं आणि ज्यांचा माल धड होता त्यांनाही हमी भरल्याशिवाय तो मिळेना. इन्शुरन्स असला की हे झंझट कंपनी बघते.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाला व्हॅक्यूम क्लिनर, गवत कापायचं मशिन आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी नेता येईल का?

उत्तर : बॅटरी नाही, ती आणि गॅसचा सिलिंडर धोकादायक मालात जातात, घरसामानात घालूच नका. बाकी दोन्ही जातील पण आतून बाहेरून लख्ख हवीत, धुळीची पिशवी काढून टाका, पात्याला चिकटलेलं गवत आणि माती ब्रशने काढा, तिथल्या जैवसुरक्षावाल्यांना (बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून सामान तपासणारे) मातीचा कण दिसला तरी ते धुऊन घेतात आणि बिल तुम्हाला. लाकडी पेटीत पॅक करणार असाल तर लाकूड ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं असावं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का असावा.

प्रश्न : आम्ही जर्मनीहून न्यूझीलंडला जातोय, दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे फ्रीज आणि फ्रंट लोड मशिन नेऊ शकतो ना? पॅक कसं करायचं?

उत्तर : तुम्ही सुखी, न्या. पिन बदलावी लागेल एवढंच. फ्रीज दोन दिवस आधी बंद करून रिकामा, पुसून कोरडा करा आणि दाराच्या फटीत कापडाची गुंडाळी अडकवा, बंद दारामागे दोन महिन्यांत जी बुरशी धरते तिचा वास जन्मभर जात नाही. नेताना उभाच ठेवायचा, आणि पोचल्यावर लगेच चालू करायचा नाही, काही तास तसाच उभा राहू द्या म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं. वॉशिंग मशिनमधलं पाणी खालच्या फिल्टरच्या नळीतून काढा, आणि पाठीमागे ट्रान्झिट बोल्ट लावा, ते नवीन मशिनसोबत आलेले असतात आणि ड्रमला हलू देत नाहीत. आमचे हरवले होते, हमाल म्हणाला चालतंय हो. पोचल्यावर पहिल्याच धुण्याला मशिन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून कंपनीकडून मागवा, आणि मशिन पोचल्यावर चालू करायच्या आधी ते काढायला विसरू नका.