मुलीने काढलेला नकाशा आधी नीट पाहा

एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी विज्ञान शाखेतून ७४ टक्के मिळवून बारावी झाली. जेईईत मनासारखं पर्सेंटाइल पडलं नाही, म्हणून वर्षभर रिपीट करायचं आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच घ्यायचं, असं ‘घरात ठरलंय’. मुलीला मात्र भूगोल घ्यायचाय. भूगोलामुळे देशांची अर्थव्यवस्था आणि शहरांचं राजकारण कसं घडतं, हे तिला शिकायचंय. वडील लिहितात, ‘दोन आठवडे झाले, मी तिच्याशी बोलणं सोडलंय. दिवसभर नकाशे रंगवत बसते. तुम्हीच तिला दोन शब्द सांगा, तुमचं ऐकेल.’

नमस्कार.

ते दोन शब्द मी तिला सांगणार नाही. तुमच्या पत्रात मला टक्के खटकले नाहीत, पर्सेंटाइलही नाही. खटकलं ते बोलणं सोडणं. घरात ठरलंय म्हणता, पण ठरवताना ती तिथे होती का, तिला कुणी काही विचारलं का, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. बाप बोलेनासा झाला की मूल दोनपैकी एक गोष्ट करतं. एकतर मुकाट्याने मान डोलावतं आणि वर्षभर क्लासच्या बाकावर मन मारून बसतं, नाहीतर आपलं म्हणणं खरं करण्यासाठी हट्टाला पेटतं. मग विषय आपल्याला झेपतो का, हा प्रश्न ते स्वतःलाही विचारत नाही. दोन्हीकडे निर्णय रागाच्या भरात होतो. तुमची काळजी खोटी नाही. नोकरी लागेल ना, ही भीती कुठल्याही बापाला वाटते. पण अबोला हे त्या भीतीवरचं उत्तर नव्हे. आज संध्याकाळीच तिच्याशी बोला. करिअरवर नको, नुसतं बोला.

आता नकाशाबद्दल. ‘कसले कसले रंग देते’ म्हणून तुम्ही जे वर्णन केलंय, ते मी परत परत वाचलं. शहराच्या नकाशावर तिने आधी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या. दर पावसाळ्यात पाणी साचतं त्या वस्त्या निळ्या केल्या. वर लाल पेनने वॉर्डांच्या हद्दी आखल्या आणि कडेला लिहिलं: ‘एकच सखल भाग, तीन वॉर्डांत.’ अहो, शहरी राजकारणातला एक मोठा प्रश्न तिने पाच शब्दांत मांडलाय. पाणी उताराने वाहतं, पण हद्द कागदावर आखली जाते. बुडणारी वस्ती तीन वॉर्डांत वाटली गेली की कुठल्याच वॉर्डात तिची मतं निर्णायक राहत नाहीत. नाला तिन्ही वॉर्डांतून जातो, त्यामुळे गाळ वरच्या वॉर्डातून आला असं खालचा नगरसेवक म्हणतो आणि तुंबलंय ते खालीच असं वरचा म्हणतो. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिने ते नकाशावर पाहिलं. अशी नजर क्लास लावून येत नाही.

पण तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. ‘भूगोलच देशाचं नशीब ठरवतो’ हे तिचं वाक्य तुम्ही पत्रात दिलंय. हा गैरसमज आहे, आणि इंटरनेटवरच्या चकचकीत व्हिडिओंनी तो फार पसरवलाय. उत्तर आणि दक्षिण कोरिया एकाच द्वीपकल्पावर आहेत. त्यांच्या अर्थव्यवस्थांमधलं आजचं अंतर डोंगर-नद्यांनी पाडलेलं नाही. शहरांमध्येही तेच दिसतं. हाँगकाँगमध्ये ‘पीक’च्या डोंगरावर हवा थंड, म्हणून श्रीमंत वर गेले. १८८८ मध्ये तिथे ट्राम आली आणि १९०४ मध्ये तर चिनी रहिवाशांना तिथे राहण्यापासून रोखणारा कायदाच झाला. तो १९४६ मध्ये रद्द झाला. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये नेमकं उलटं. दरीच्या तळाशी शहर वसलं आणि उभ्या चढावर गरिबांनी घरं बांधली, कारण तिथली जमीन कुणाला नको होती. २००४ मध्ये तिथल्या मेट्रोला जोडून केबल कारची मार्गिका सुरू झाली आणि डोंगरावरच्या वस्त्यांतून कामाला येणं-जाणं सोपं झालं. दोन्हीकडे चढच. त्यावर कोण राहणार आणि तिथवर वाहन जाणार की नाही, हे कायद्याने, पैशाने आणि सत्तेने ठरवलं. न्यूयॉर्कचंही तसंच. ॲपलाचियन डोंगररांगेत मोहॉक नदीच्या खोऱ्याची वाट हजारो वर्षं होतीच. पण राज्याने कर्जरोखे काढून तिथून एरी कालवा खणला, तो १८२५ मध्ये पूर्ण झाला, आणि एरी सरोवराकाठच्या बफेलोहून न्यूयॉर्कला टनभर माल नेण्याचा सुमारे १०० डॉलरचा खर्च १० डॉलरच्या आसपास आला. त्याआधी हाच कालवा ‘गव्हर्नर क्लिंटनचा चर’ म्हणून हिणवला जात होता. भूगोल संधी देतो आणि अडचणही देतो. त्या दोन्हींचं काय करायचं ते माणसं ठरवतात. तिला या विषयात शिरायचं असेल तर हे ठरवणं कसं चालतं, ते शिकावं लागेल.

म्हणूनच माझा सल्ला तुम्हा दोघांपेक्षा वेगळा आहे. रिपीट नको आणि डोळे झाकून बी.ए. भूगोलही नको. तिचा ओढा नगर नियोजनाकडे दिसतो. बारावीला गणित असेल तर जेईई मेनचा पेपर २बी देऊन बी.प्लॅनिंगला, म्हणजे नियोजनाच्या पदवीला, जाता येतं. भूगोल किंवा अर्थशास्त्रात एम.ए. करूनही पुढे एम.प्लॅनिंगची वाट आहे. स्पर्धा परीक्षा आणि नेट-सेट हे मार्ग तुम्हाला ठाऊक आहेतच.

कोणतीही वाट घेतली तरी संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र सोडू नका. इंडोनेशियातल्या जकार्ता शहराचा उत्तर भाग खचतोय. लोकांना वाटतं समुद्राने गिळलं. मोठं कारण जमिनीखालून उपसलेलं पाणी आहे, आणि तो उपसा होतो कारण नळाचं पाणी सगळीकडे पोचत नाही. २०१९ मध्ये इंडोनेशियाने राजधानी तिथून बोर्निओ बेटावर हलवायचं जाहीर केलं, पण त्याने जकार्तातली विंधण विहीर बंद होत नाही. हा प्रश्न समजायला भूजल कळावं लागतं, नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचता यावं लागतं आणि पाण्याचे दर कोण ठरवतं हेही माहीत असावं लागतं. असं तिन्ही वाचू शकणाऱ्या माणसाला नियोजन संस्था, वाहतूक प्रकल्प, पुराचा धोका मोजणाऱ्या विमा कंपन्या, मालवाहतुकीचं जाळं आखणाऱ्या कंपन्या अशा ठिकाणी काम असतं. सहा महिन्यांच्या जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) कोर्सच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. त्यात बटणं दाबायला शिकवतात. कुठला प्रश्न विचारायचा ते शिकवत नाहीत. क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तिने आजपासून घरीच सुरुवात करावी आणि तोच पुराचा नकाशा त्यात उतरवून पाहावा.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. बारावीला गणित आहे का, आकडेमोड आवडते की कायदे-नियम वाचायला आवडतात, बाहेरगावी राहून शिकायची तयारी आहे का, एवढं तिने तिच्या शब्दांत कळवावं. मग कॉलेजांची नावं मी सांगतो.