वाचक विचारतात: ३२ बिटचा ब्राउझर बदलू का?

प्रश्न : ताई, मी निवृत्त अनुवादिका आहे. फायरफॉक्समध्ये दिवसभर पुष्कळ टॅब उघडे असतात, त्यांत स्कॅन केलेल्या कोशांच्या मोठाल्या पीडीएफही असतात. विंडोज ११ आहे, रॅम ८ जीबी आहे, तरी एखादा टॅब मध्येच कोसळतो. भाचा म्हणतो, टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्सपुढे ‘३२ बिट’ दिसतंय, ६४ बिटचा घाल. पण बुकमार्क आणि पासवर्ड जातील अशी धास्ती वाटते. शिवाय वेग वाढेल का?

उत्तर : भाच्याचं ऐका. विंडोज ११ येतेच मुळी ६४ बिटमध्ये, त्यामुळे तुमच्या संगणकाची काहीच अडचण नाही. अडचण आहे ती ब्राउझरची. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला मेमरीतले पत्ते ३२ बिटांतच लिहावे लागतात, आणि एवढ्या बिटांत ४ जीबीपलीकडचा पत्ता मावत नाही. रॅम ८ असो वा ३२ जीबी, एका प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र भागाची, धाव तेवढीच. फायरफॉक्स टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटून ठेवतो आणि ही मर्यादा प्रत्येकीला स्वतंत्र लागते. म्हणून एक टॅब पडतो आणि बाकीचे शाबूत राहतात.

तुमच्या कोशांचं उदाहरण घ्या. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयने स्कॅन केलेलं असेल, तर पूर्ण आकारात उलगडल्यावर एकट्या त्या पानाला साधारण ३५ एमबी लागतात, तेही सलग. चार जीबीच्या आवारात दिवसभर उघड-मीट झाली की मोकळी जागा तुकड्या-तुकड्यांत विखुरते. बेरीज पुरेशी असूनही सलग पट्टा सापडत नाही आणि टॅब कोसळतो. ६४ बिटच्या विंडोजवर ६४ बिटच्या प्रोसेसला १२८ टीबीपर्यंतचे पत्ते मिळतात, त्यामुळे ही कोंडी सुटते.

वेगाची मात्र फार आशा धरू नका. ६४ बिटमध्ये प्रोसेसरचे ८ ऐवजी १६ रजिस्टर, म्हणजे हिशेब करताना आकडे ठेवायचे कप्पे, हाताशी येतात, जड पानांना त्याचा थोडा फायदा होतो. संथ इंटरनेट संथच राहील. पत्ते दुप्पट लांबीचे झाल्याने रॅमही थोडी जास्त लागते, पण ८ जीबीत ते निभावतं. माझ्या मते बदलण्याचं खरं कारण सुरक्षितता हे आहे. ब्राउझर आपला कोड मेमरीत दरवेळी वेगळ्या ठिकाणी ठेवतो, म्हणजे हल्लेखोराला तो नेमका हेरता येऊ नये. आवार जेवढं मोठं, तेवढा अंदाज बांधणं अवघड. तुमचे पासवर्ड त्याच ब्राउझरमध्ये आहेत, हे लक्षात घ्या.

आता धास्तीबद्दल. मी एका वाचनालयातले संगणक सांभाळते, आणि तिथे कुठल्याही बदलाआधी प्रोफाइलच्या, म्हणजे बुकमार्क-पासवर्ड ज्यात राहतात त्या, फोल्डरची प्रत काढते. तुम्हीही तेच करा. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा, तुमच्या प्रोफाइलचा रूट फोल्डर तिथूनच उघडता येतो. फायरफॉक्स पूर्ण बंद करून तो अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. पासवर्ड त्यातल्या दोन फाइलींत मिळून असतात, एकच उचलली तर उपयोग नाही.

मग फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवरून ६४ बिटची ताजी आवृत्ती घाला. पहिल्यांदा उघडल्यावर बुकमार्क रिकामे दिसण्याची शक्यता आहे. घाबरू नका, काहीही पुसलेलं नसतं. २०१९ पासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल देतो, एवढंच. पुन्हा ‘अबाउट:प्रोफाइल्स’वर जा, जुनं प्रोफाइल डिफॉल्ट करा आणि ब्राउझर नव्याने सुरू करा. नवी आवृत्ती जुनीपेक्षा मागची नसावी, नाहीतर ती ते प्रोफाइल उघडायला नकार देते. सगळं जागच्या जागी आहे याची खात्री झाली, की मगच ३२ बिटचा फायरफॉक्स काढा.

३२ बिटची इन्स्टॉलर फाइल वापरली, की पुढचे अपडेटही ३२ बिटचेच येत राहतात. पेनड्राइव्हवर तसली जुनी फाइल जपून ठेवली असेल तर ती आजच टाकून द्या.

प्रश्न : ६४ बिटचा ब्राउझर माझ्याकडे बसतच नाही. विंडोज १० आहे.

उत्तर : सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि ‘सिस्टिम टाइप’ वाचा. प्रोसेसर ६४ बिट आणि विंडोज ३२ बिट असं तिथे दिसलं, तर अडथळा विंडोजचाच आहे. ३२ बिटच्या विंडोजवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही, ती नव्याने घालावी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा एवढे कष्ट घेणारच असाल तर पुढची कुठली सिस्टिम तुमच्या संगणकावर चालेल ते आधी पाहा.

प्रश्न : नवा लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा आहे. क्रोम ६४ बिटचा, तरी बॅटरी भराभर का उतरते?

उत्तर : ६४ बिट म्हणजे सगळं एकच नव्हे; एआरएम प्रोसेसरची घडण इंटेल-एएमडीहून वेगळी असते. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘आर्किटेक्चर’ हा रकाना लावा. क्रोमपुढे ‘एक्स६४’ असेल, तर इंटेल-एएमडीसाठी बनवलेला प्रोग्रॅम विंडोज चालता-चालता अनुवाद करून चालवते आहे, आणि त्या कामाचा भार बॅटरीवरही पडतो. विंडोजच्या एआरएम संगणकांसाठीचा खास क्रोम मार्च २०२४ मध्ये आला. तो घाला आणि रकान्यात ‘एआरएम६४’ आलं का ते पाहा.