खांद्याच्या सोनोग्राफीत नस दिसते का?

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा असून नियमित व्हॉलीबॉल खेळतो. त्याच्या उजव्या खवाट्यावरचा भाग खोलगट झाला आहे. दुखत नाही, पण हात बाहेरच्या बाजूला वळवताना जोर कमी पडतो. खांद्याच्या सोनोग्राफीचा अहवाल निर्दोष आला; आता दुसरे डॉक्टर नसेसाठी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. तीच तपासणी दोनदा कशासाठी? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाव एकच असले, तरी या दोन तपासण्या वेगळ्या आहेत. नेहमीच्या सोनोग्राफीत मुख्यतः खांद्याचे स्नायुबंध फाटले आहेत का, सूज आहे का, हे पाहतात. नस मुद्दाम शोधावी लागते. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे प्रश्न मज्जातंतूचा आहे.

मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून ‘सुप्रास्कॅप्युलर’ नावाचा एक तंतू खवाट्याच्या वरच्या कडेवरील खाचेतून मागे येतो, तिथल्या वरच्या स्नायूला फांदी देतो आणि मग हाडाच्या दुसऱ्या खाचेला वळसा घालून खालच्या स्नायूत शिरतो. पहिल्या खाचेत तो दाबला गेला, तर दोन्ही स्नायू रोडावतात. दुसऱ्या खाचेत दाबला गेला, तर फक्त खालचा, आणि तेव्हा वेदना बहुधा नसते, कारण सांध्याकडून संवेदना आणणाऱ्या शाखा बहुतांशी त्याआधीच त्याला मिळालेल्या असतात. आपल्या मुलाची लक्षणे या दुसऱ्या प्रकाराशी जुळतात. व्हॉलीबॉलपटूंमध्ये हा त्रास चांगलाच परिचित आहे. सर्व्हिस आणि स्मॅश करताना हा तंतू पुन्हा पुन्हा ताणला जातो.

हा तंतू जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणून पोटासाठी वापरतात त्यापेक्षा बारीक तपशील दाखवणारा, सेकंदाला एक कोटी किंवा त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनिलहरी सोडणारा प्रोब (अंगावर फिरवायचा भाग) लागतो. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरने शेजारची धमनी ओळखता येते आणि तिच्या आधाराने तंतूची जागा ठरवता येते. दुसऱ्या खाचेत सांध्याच्या कडेतून निघालेली द्रवाची गाठ असेल, तर ती काळ्या पिशवीसारखी दिसते. तंतू स्वतः नीट दिसला नाही, तरी स्नायू पुरावा देतो : मज्जातंतूचा पुरवठा तुटलेला स्नायू पातळ होतो आणि पडद्यावर अधिक पांढरा दिसतो. यासाठी डाव्या बाजूशी तुलना झालीच पाहिजे. चिठ्ठीवर नुसते ‘खांदा’ असे न लिहिता मज्जातंतूचे नाव आणि ‘दोन्ही बाजू’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. तपासणाऱ्याने काय शोधायचे, हे त्यावरच ठरते.

मात्र हाडाच्या आड ध्वनिलहरी पोहोचत नाहीत. मणक्याच्या आतील मज्जातंतूंची मुळे किंवा सांध्याच्या कडेची फाट पाहायची, तर एमआरआय लागतो. आणि तंतू किती काम करतो आहे, हे चित्रावरून नव्हे, स्नायूंतील विद्युत संदेश मोजणाऱ्या ईएमजी तपासणीवरून कळते. गाठ आढळली, तर सोनोग्राफीत पाहत सुईने ती रिकामी करता येते, पण सांध्याची कड फाटलेली असेल तर ती पुन्हा भरू शकते. गाठ नसेल, तर काही काळ सर्व्हिस आणि स्मॅश थांबवून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हात बाहेर वळवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत.