बारावीच्या वर्षात कथास्पर्धा?

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, आठवीपासून कथा लिहिते. त्यांच्या जिल्ह्यात जानेवारीत साहित्य संमेलन भरतंय. त्याला जोडून नवोदितांसाठी कथास्पर्धा आहे: दोन हजार शब्द, प्रवेशशुल्क तीनशे रुपये, निकाल संमेलनाच्या मांडवात. वडील म्हणतात, ‘फेब्रुवारीत बोर्ड, पुढे सीईटी. आणि कथा लिहून पोट भरतं का?’ आईने नियमांचा कागदही जोडला आहे.

ताई, नमस्कार.

तिला कथा पाठवू द्या. पण नियमांच्या कागदावर एका ओळीशी मी अडलो, म्हणून आधी त्या ओळीबद्दल. ‘स्पर्धेसाठी आलेल्या सर्व कथांचे संपूर्ण हक्क आयोजकांकडे राहतील.’ म्हणजे बक्षीस मिळो न मिळो, कथा त्यांची. उद्या तिला हीच कथा दिवाळी अंकाला द्यायची झाली, कॉलेजात कुणाला तिच्यावरून एकांकिका बसवायची झाली, दोन-तीन वर्षांनी संग्रहात घ्यायची झाली, तर परवानगी मागत फिरायचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायला लेखी कागद आणि सही लागते. त्यामुळे अर्जाच्या तळाशी ‘वरील सर्व नियम मान्य’ असं लिहून सहीची जागा ठेवलेली असते, ती सहज करून टाकू नका. मुलगी अठराची नाही, तेव्हा सही तुमच्याकडेच मागतील. आधी आयोजकांना फोन करून विचारा, ‘निवडलेली कथा स्मरणिकेत एकदा छापण्यापुरता हक्क, असं लिहून द्याल का?’ हा नियम पुष्कळदा जुन्या पत्रकावरून तसाच उतरवलेला असतो, विचारलं की बदलतात. नाहीच बदलला, तर ही स्पर्धा सोडून द्या. सतराव्या वर्षी जमून आलेली कथा अशी देऊन टाकायची नसते.

तीनशे रुपये मला थोडे जास्त वाटतात, पण त्यावरून स्पर्धा वाईट ठरवणार नाही. ‘तुमची निवड झाली, आता संग्रहाच्या दहा प्रती घ्या’ असा फोन आला, तर मात्र तिथेच थांबा.

आता तिच्या बाबांसाठी. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला एक विज्ञानकथा पाठवली होती, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःचं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, एवढ्यासाठी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे २०२१मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आणि या सगळ्या काळात त्यांचं मुख्य काम खगोलशास्त्राचंच राहिलं. बाबांचा प्रश्न रास्त आहे: निव्वळ कथांवर घर चालवणारे मराठीत फार थोडे, आणि या स्पर्धेच्या प्रमाणपत्राने सीईटीच्या प्रवेशात एक गुणही वाढणार नाही. पण सायन्स की लेखन, अशी निवड तिने आज करायची गरजच नाही. विज्ञान समजणारी आणि ते नीट मराठीत लिहू शकणारी माणसं अनुवादाला, पाठ्यपुस्तकांना, वर्तमानपत्रांना, माहितीपटांना लागतातच.

अभ्यासाचा वेळ वाचवायचा तर नवी कथा लिहायला घेऊ नका. वहीतली एक पूर्ण झालेली कथा काढा आणि दोन रविवार तिच्यावर द्या, बस.

त्या दोन रविवारी काय करायचं, ते तिला सांगा. मी तालुक्याच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे. गठ्ठा समोर येतो तेव्हा पहिल्या पानावर हवामान, पहाट, पाखरं आणि कथा तिसऱ्या पानावर, असं वारंवार दिसतं. तिसऱ्या पानावरचं वाक्य उचलून पहिल्यावर ठेवलं तरी निम्मं काम होतं. शेवटी सूनबाईला पश्चात्ताप किंवा गावाला शहाणपण येत असेल, तर तो परिच्छेद काढून पाहा. बहुतेक वेळा कथा त्याच्या आधीच संपलेली असते. आणि बोली. तुमच्या भागातले लोक जसे बोलतात तसेच कथेतले लोक बोलू देत. घरात ‘आत्ती’ म्हणणारी मुलगी कथेत ‘आत्या’ लिहिते, ते मला फार लागतं.

बाकी नियम कोरडे आहेत, पण पाळा. शब्दमर्यादा ओलांडली की काही ठिकाणी कथा वाचलीही जात नाही. टाइप युनिकोडमध्ये करून घ्या. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा भुगा होतो. नाव फक्त अर्जावर, कथेच्या पानांवर कुठेही नको.

संमेलनाला एक दिवस तिला घेऊन जा. निकाल काहीही असो, जाच. पुण्यात १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेलं पहिलं संमेलन ‘ग्रंथकारांचं’ होतं. लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं, हाच हेतू. तिने आजवर लिहिणारं माणूस समोरासमोर पाहिलं आहे का? ग्रंथप्रदर्शनात प्रकाशक गाळ्यावर बसलेले असतात, दिवाळी अंकांचे संपादक भेटतात. स्पर्धेचे परीक्षक दिसले तर तिने स्वतः जाऊन विचारावं, ‘माझ्या कथेत कुठे कंटाळा आला?’ तुम्ही थोडं लांब उभ्या राहा. तिला एकटीला बोलू दे.

फोन मात्र उद्याच करा. मुदत संपायला आठवडा उरला की आयोजकांना नियम बदलायला सवड नसते. आणि कथा पाठवाल त्या दिवशी तिची एक प्रत स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो.