घरातलं बाहेर सांगायचं नाही, मग मदत मागायची कोणाला?

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. सासूबाईंना पॅरालिसिस होऊन वर्ष झालं, नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये, पोरगी साडेतीन वर्षांची. परवा पोरीनं दूध सांडलं तर हिनं तिला मारलं अन् मग बाथरूममध्ये जाऊन रडत बसली. शेजारच्या काकू मदतीला यायला तयार आहेत पण नवरा म्हणतो घरातलं बाहेर कशाला. विचारते, "ताई, मी वाईट आई आहे का?"

नाही गं बाई. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणजे तुझी एक रात्र धड झोपेची नाही अन् सकाळी उठून डबा, पोरगी, औषधं. असं वर्षभर केलं तर कोणाचाही हात उठेल. पण उठू द्यायचा नाही, पोरीचा त्यात काही दोष नाही, हे तुलाही कळतंय म्हणून तर तू लिहिलंस.

पहिलं काम, पोरीला अंगणवाडीत घाल. आपल्याकडे अंगणवाडी म्हणजे गरिबांची खिचडी असं समजून बरेच जण तिथं पायच ठेवत नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं. १९७५ पासून ही योजना चालू आहे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं खेळ, गाणी, गरम जेवण मिळतं, वजन-उंची बघतात, अन् तुला सकाळचे थोडे तास मोकळे मिळतात. त्या वेळात भांडी घासू नको, झोप.

सासूबाईंसाठी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या, फिजिओथेरपी विभागात जा अन् नवऱ्याला सोबत ने, कसं उचलायचं, कशी कूस बदलायची हे त्यानंही शिकायला पाहिजे, आई त्याची आहे ना. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, कुठली मदत कुठं मिळेल ते सांगतात. अन् तुझ्यासाठी १४४१६, टेली मानस, म्हणजे मनावरच्या ताणासाठीची सरकारी हेल्पलाइन, रात्री दोनला रडू आलं तरी लाव, मराठीत बोलता येतं.

आता काकूंचं. "कधीतरी या" असं म्हणू नको, कोणी येत नाही तसं. "मंगळवारी चार ते सहा आईंजवळ बसाल का, मी पोरीला बागेत नेते" असं सांग. नवरा कुरकुरला तर त्याला सरळ विचार, मग त्या दोन तासांत तू बसतोस का? बसला तर उत्तमच, काकूंना दुसरा वार दे. नणंद, दीर असतील तर त्यांनाही असेच वार वाटून दे, फोनवर नुसती चौकशी करणाऱ्यांना तर आधी.

पोरीला जवळ घेऊन "आई चुकली" एवढं आजच म्हण. अन् अंगणवाडी सेविकेला उद्या सकाळीच भेट, नाव घालायला आधार कार्ड अन् लसीकरणाचं कार्ड सोबत असू दे.